हेमाडपंत, शके १०९८ आणि एक प्रोजेक्ट

दिवाळीला मामाकडे बार्शीटाकळीला गेलो होतो. अकोल्याहून वाशीमच्या बाजूला निघालं की लागणारं हे गाव. लॅपटॉप पुण्यातच ठेवला होता (बायकोची अट!). त्यामुळे मामेभावाच्या सातवीतल्या मुलीच्या इतिहासाच्या प्रोजेक्टमध्ये आपसूकच ओढला गेलो.

विषय होता गावातलं कालंका देवीचं देऊळ. तिचं पहिलंच वाक्य: "हे मंदिर हेमाडपंताने बांधले." मी म्हटलं, कशावरून? "काऊन? सारेच म्हंतात ना! हेमाडपंती हाये, मंग त्यानंच बांधलं असन."

हसू आलं, पण खरं सांगतो, शाळेत असताना मीही हेच वाक्य लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. कशावरून, असं तेव्हा कोणी विचारलंच नाही. 'सारेच म्हंतात' हा पुरावा मी पुढे कित्येक वर्षं वापरला, अगदी ऑफिसातही. एकदा 'सर्व्हरचाच प्रॉब्लेम आहे' असं छातीठोकपणे सांगून मोकळा झालो आणि लॉग उघडले तर चूक माझ्याच कोडमध्ये. असो.

तर मंडळी, इथला लॉग म्हणजे शिलालेख. बार्शीटाकळीला शके १०९८ चा कोरीव लेख आहे. त्यात ७८ मिळवा, झालं इ.स. ११७६. आणि हेमाडपंत, म्हणजे हेमाद्रि, हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री. महादेव गादीवर आला तो साधारण १२६०-६१ ला. मधे चांगली ८५ वर्षं! पोरीने बेरीज-वजाबाकी स्वतः केली आणि चेहरा पाडून बसली.

गंमत पुढे आहे. त्या लेखात राजाचं नाव आहे हेमाडिदेव. हे मी सांगितलं मात्र, पोरगी उसळलीच. "पाहा! हेमाडिच त हाये!" नाव सारखं म्हणून माणूस तोच? मी विचारलं, तुझ्या वर्गात तुझ्याच नावाच्या किती जणी? "तीन." मग गृहपाठ एकीने केला तर मार्क तिघींना मिळतात का? यावर ती जरा गप्प झाली.

पण तिचा पुढचा प्रश्न ऐकून मीच गप्प झालो. "काका, लेख जुना अन् देऊळ नवं असू शकते ना? जुना दगड नव्या भितीत लावला असन त?"

बरोबर होतं तिचं. जुन्या देवळांचे दगड दुसरीकडे बसवल्याची उदाहरणं आहेतच. म्हणजे एकट्या लेखावरून 'देऊळ ११७६ चंच' असं ठणकावून सांगता येणार नाही. मग दुसरा साक्षीदार शोधला: अंबरनाथचं शिवमंदिर. तिथे लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. त्यालाही लोक सर्रास हेमाडपंतीच म्हणतात. तो दगडही कोणी नंतर बसवला असेल, असं म्हणता येईल. पण लेखाखेरीज कोरीव काम आणि मांडणीवरूनही जाणकार ते देऊळ अकराव्या शतकातलंच धरतात. तेव्हा चुन्याशिवाय दगडात दगड अडकवायची ही पद्धत हेमाद्रीच्या आधीपासून होती, एवढं नक्की. आपल्या देवळाबद्दल मात्र 'बहुधा'. पोरीला हा 'बहुधा' अजिबात आवडला नाही. "असं लिवलं त बाई म्हनतीन, हिले काही येतच नाही."

वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला. आधी कागद, मग निष्कर्ष. आता सातवीच्या पुस्तकात पहिलाच धडा 'इतिहासाची साधने' आहे. धडा तिला तोंडपाठ होता. पण गावातला दगड हेही साधनच, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि हेमाडपंताच्या नावावर तर काय काय आहे! मोडी त्याने आणली, बाजरीही त्यानेच आणली म्हणे. एकदा नाव मोठं झालं की मागची-पुढची कामं त्याच्याच खात्यावर जमा होतात (आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरसारखी :) ).

"मंग हेमाडपंती म्हनायचंच नाही का?" म्हण की. शिसपेन्सिलीत शिसं कुठे असतं?

शेवटी तिने पहिलं वाक्य खोडलं आणि पेन हातात धरून विचारलं, "परीक्षेत आलं त काय लिवू? गाइडात हेमाडपंतच हाये." मी म्हटलं, तू काढलंस तेच लिही, पण दोन्ही शके आणि कारण सोबत लिही. ओट्यावर सुपारी कातरत बसलेला मामा इतका वेळ ऐकत होता. म्हणाला, "तू जाशीन पुन्याले निघून. मार्क पोरीचे जातीन."

पेपर पुढच्या महिन्यात आहे.