एक नांव, अनेक घराणीं
(परेरा ह्या आडनांवाचा मागोवा)

विवाहाच्या चौकशीसाठीं धर्मगुरूसमोर बसलेलीं वधूवरें पुष्कळदां भीत भीत विचारितात, "फादर, आम्ही दोघेंही परेरा, आमचें कांहीं नातें तर लागत नसेल ना?" दुसरा प्रश्न बाहेरची मंडळी विचारितात, व त्यांत थोडा टोमणाही असतो : "तुमचीं आडनांवें पोर्तुगीज, तेव्हां तुम्ही फिरंग्यांचे वंशज काय?" आणि आमच्यांतीलच कोणी कोणी ह्या नांवाच्या जोरावर आपलें घराणें शेजाऱ्याहून थोर मानितात, हेंही आम्हांपासून लपलेलें नाहीं. ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेंत ह्या तिघांसही एकच उत्तर द्यावें, असें आम्हीं योजिलें आहे. व तें जुन्या दप्तरांच्या आधारें देणें बरें.

परेरा म्हणजे मूळचा पोर्तुगीज शब्द 'पेरेइरा'. अर्थ, नासपतीचें झाड. आपल्या वाडींतील पेरूचें नांवही त्याच कुळांतील शब्दावरून आलें, असें भाषाशास्त्रज्ञ मानितात. पोर्तुगालच्या उत्तरेस मिन्यु प्रांतांतील एका सरदार घराण्यास स्थळावरून हें नांव पडलें. त्याच घराण्यांत नूनो आल्व्हारेस पेरेइरा हा सेनापति झाला. त्यानें १३८५ सालीं अल्जुबारोताच्या रणांगणावर आपल्या देशाचें स्वातंत्र्य राखिलें, १४२३ सालीं सर्वस्व सोडून कार्मेल मठांत प्रवेश केला, व २००९ सालीं पोप सोळावे बेनेदिक्त ह्यांनीं त्याला संतपद दिलें.

परंतु नासपतीचीं झाडें एकाच सरदाराच्या अंगणांत नव्हतीं. त्या नांवाचीं खेडीं अनेक, आणि खेड्यांवरून नांव घेणारे गरीब लोकही अनेक. पुढें १४९७ सालीं राजा मानुएल ह्यानें पोर्तुगालमधील यहुदी लोकांस बळानें बाप्तिस्मा देवविला, ही ख्रिस्ती इतिहासांतील लज्जेची गोष्ट आहे. त्या लोकांस ख्रिस्ती आडनांवें घ्यावीं लागलीं, व त्यांतील कित्येकांच्या वांट्यास हेंच नांव आलें. अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें मुक्याबहिऱ्यांस बोलावयास शिकविणारा जाकोब रोद्रिगेस पेरेइरा हा अशाच कुळांतील यहुदी होता. चीनच्या कांग्शी बादशहाच्या दरबारीं राहून १६८९ च्या नेर्चिन्स्कच्या तहांत दुभाष्याचें काम करणारा येशूसंघीय धर्मगुरु तोमास पेरेइरा हाही ह्याच नांवाचा. सिंहलद्वीपांतून पोर्तुगीजांची सत्ता १६५८ सालीं गेली, तरी तेथें परेरा हें आडनांव घरोघर आढळतें, आणि तें लावणाऱ्यांत बौद्धही पुष्कळ आहेत. सरदार, यहुदी, संन्यासी आणि बौद्ध, एवढ्यांस ज्यानें झांकिलें त्या नांवाला रक्ताची खूण म्हणतां येईल काय?

मग तें आमच्याकडे आलें कसें? २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादूरशहानें वसई प्रांत पोर्तुगीजांस दिला. पुढील दशकांत फ्रान्सिस्कन धर्मगुरु आंतोनियो द पोर्तो ह्यांनीं वसई-साष्टींत धर्मप्रसाराचें काम चालविलें. बाप्तिस्म्याच्या वेळीं नवख्रिस्ती मनुष्यास संताचें नांव मिळे, आणि आडनांव बहुधा धर्मपित्याचें. गोव्यांतील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील लोकू नांवाच्या प्रतिष्ठित ब्राह्मणानें १५४८ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां स्वतः गव्हर्नर गार्सिया द सा हे त्याचे धर्मपिता झाले. व तेव्हांपासून लोकूचा 'लुकास द सा' झाला. गव्हर्नराचें नांव त्याला मिळालें, रक्त मात्र वाडवडिलांचेंच राहिलें. हाच न्याय आमच्या शेतकऱ्यांस, कोळ्यांस व कारागिरांस लागू आहे.

दप्तरांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सिमांव बोतेल्यु ह्यानें १५५४ सालीं केलेली महसुलाची नोंदवही १८६८ सालीं लिस्बन येथें छापली गेली. तींत वसईकडील गांवें व त्यांचा वसूल सांपडतो. पण अशा वह्या धन्याचें नांव सांगतात, भात लावणाऱ्याचें क्वचितच. गोव्याचे न्यायाधीश ब्रागांसा पेरेइरा ह्यांनीं १९३६ पासून 'आर्किव्हो पोर्तुगेस ओरिएंताल' ह्या नांवानें जुन्या कागदांचे खंड प्रसिद्ध केले. आडनांवानें तेही आमचेच. गरिबाचें नांव मात्र राखिलें तें देवळाच्या वहीनें. १५६३ सालीं त्रेन्त येथील धर्मसभेनें विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा केली, आणि बाप्तिस्मा देतांना धर्मपिता-धर्ममाता कोण हेंही लिहून ठेवावें असें ठरविलें. म्हणून आपल्या नांवाचा उगम शोधणाऱ्यानें आईबापांच्या रकान्यावर थांबूं नये; धर्मपित्याचा रकानाही वाचावा.

मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढें वसईचा किल्ला पडला व पोर्तुगीज घराणीं निघून गेलीं. नांव रक्ताचें असतें, तर तेंही त्यांच्याबरोबर गलबतांत चढलें असतें. पण तें येथेंच, विहिरीवर व शेताच्या बांधावर राहिलें. ज्यांनीं राज्य गेल्यावरही धर्म सोडिला नाहीं, त्यांनींच तें नांव जपिलें. त्याचा खरा मान हाच आहे.

तेव्हां टोमणा मारणाऱ्यास सांगावें : आम्ही ह्याच मातीचे आहों. नांवाचा गर्व वाहणाऱ्यास सांगावें : तें नांव तुमच्या पूर्वजास दान म्हणून मिळालें, दानाचा गर्व करूं नये. आणि वधूवरांस सांगावें : धर्मसंहिता आडनांव पाहत नाहीं, पिढ्या मोजते. १९८३ च्या संहितेप्रमाणें सख्ख्या चुलत, मामे, आते व मावस भावंडांपर्यंतचें नातें विवाहाच्या आड येतें. दोन परेरा एकमेकांचे कोणी नसूं शकतात. उलट परेरा व लोपीस ह्यांच्या आया सख्ख्या बहिणी असूं शकतात. म्हणून चौकशींत आईचें माहेर अवश्य सांगावें.

शेवटीं एक विनंती. घरांतील जुने दाखले, जमिनीचे कागद, लग्नपत्रिका फेंकून देऊं नका. वडील माणसांकडून घराण्याचें पाळण्यांतलें व आळींतलें नांव विचारून लिहून ठेवा. त्यांच्यामागें तें सांगणारें कोणी राहत नाहीं. बाप्तिस्म्याच्या वहींत आम्हां सर्वांचीं नांवें एकाखालीं एक लिहिलेलीं आहेत, आणि त्या पानावर कोणाचें नांव मोठ्या अक्षरांत नाहीं. ज्या परमेश्वरानें प्रत्येकास नांवानें हांक मारिली, तो ह्या धर्मग्रामांतील सर्व घराण्यांस एका कुटुंबाप्रमाणें नांदवो, हीच ज्युबिलीच्या शुभप्रसंगीं आमची प्रार्थना.