बालशिक्षणातील चित्रपुस्तक आणि स्वयंपाक

लहान मुलास चित्रपुस्तक दाखवावे आणि त्याच विषयाला धरून त्याच्या हातून काही सोलून, मळून वा शिजवून घ्यावे, ही पद्धती अलीकडे काही बालवाड्यांत नवी म्हणून स्वीकारली जाते. तिची मुळे मात्र सतराव्या शतकापर्यंत मागे जातात. या इतिहासातील विशेष असा की, चित्र आणि स्वयंपाक ही दोन साधने प्रारंभापासून एकमेकांच्या निकट असूनही दीर्घ काळ एकत्र आली नाहीत. याचे एक कारण भाषेच्या बाजूने शोधता येते. चित्र मुलाला नाम देते. क्रियापद देण्याचे सामर्थ्य त्यात फारसे नसते. नामे आली म्हणजे ज्ञान आले, अशी समजूत जोवर शिक्षणात प्रबळ होती, तोवर चूल पेटविण्याची गरज कोणास वाटणार?

कोमेनियसचे ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ हे लॅटिन-जर्मन पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. मुलांसाठी रचलेल्या सचित्र पाठ्यपुस्तकांचे ते आद्य उदाहरण मानले जाते. त्यात शेती, दळण, पाव भाजणे, पाकक्रिया आणि मेजवानी यांवर स्वतंत्र पाठ आहेत. पावाच्या पाठात भटारी पीठ चाळतो, काथवटीत घालतो, पाणी ओततो, मळतो आणि भट्टीत सारतो, असा सबंध क्रम दिला आहे. परंतु चित्रातील अंक कशाला जोडले आहेत हे पाहणे उद्‌बोधक ठरते. चाळणीला अंक आहे, काथवटीला आहे, भट्टीला आहे. चाळण्याला आणि मळण्याला नाही. ते देणे चित्रकाराला शक्यही नव्हते, कारण स्थिर चित्रात क्रियेचा एक क्षण तेवढा गोठून राहतो. कोमेनियसला ही उणीव जाणवली नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. चित्रातील वस्तू शक्य तेथे प्रत्यक्षही दाखवाव्यात, असे त्याने प्रस्तावनेत सांगितले असून, अशा वस्तूंत घर आणि घरातील भांडी यांचाही उल्लेख केला आहे. त्याच्या अनुयायांनी पुस्तक घेतले आणि भांडी मागे ठेवली, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

पुढचे पाऊल फ्रोबेलचे होय. १८४४ सालच्या त्याच्या ‘मुटर उंड कोझेलीडर’ या ग्रंथात फ्रीडरिश उंगर याची चित्रे, गीते आणि हातांचे खेळ एकत्र गुंफले आहेत. त्यातील एका खेळात आई मुलाच्या हातांनी लटकाच केक थापविते, आणि तेथून भटारी, गिरणीवाला, शेतकरी असा अन्नाचा माग मुलाला दाखविला जातो. येथे क्रिया आली, पण पीठ आले नाही. तळहातावर मोर बसवून त्यास चारापाणी देण्याचा जो खेळ मराठी घरांतून तान्ह्या मुलांशी खेळला जातो, तो याच जातीचा. आपली भातुकली तर त्याच्याही एक पाऊल पुढे आहे. बोळक्यांत चुरमुरे आणि गूळ-शेंगदाणे खरेच असतात. लटकी असते ती फक्त चूल.

प्रत्यक्ष स्वयंपाक बालोद्यानात आणण्याचे श्रेय मुख्यतः हेन्रिएटे श्राडर-ब्रायमान (१८२७–१८९९) हिच्याकडे जाते. ती फ्रोबेलच्या नात्यातील आणि त्याची विद्यार्थिनी होती. १८७४ साली बर्लिनमध्ये तिच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कार्यातून पेस्टालोझी-फ्रोबेल-हाऊस ही संस्था आकारास आली. फ्रोबेलच्या ठोकळ्यांना आणि घड्यांना अनुयायांच्या हाती जो कर्मठपणा आला होता, तो तिला मानवत नव्हता. तिने घरकाम हेच शिक्षणाचे केंद्र केले आणि ‘महिन्याचा विषय’ अशी योजना आखली. निसर्गातील वा घरातील एकच विषय महिनाभर घ्यावयाचा. त्याचेच चित्र पाहावयाचे, त्याचीच गोष्ट व गीत ऐकावयाचे, तोच बागेत जोपासावयाचा आणि स्वयंपाकघरात हाताळावयाचा. चित्र व पाककर्म यांची जाणीवपूर्वक सांगड घातल्याचे हे स्पष्ट उदाहरण आहे. शिकागो येथे १८९६ साली ड्यूईने काढलेल्या प्रयोगशाळेतही मुले स्वयंपाक करीत. तथापि तेथे, विशेषतः मोठ्या मुलांच्या बाबतीत, भर शास्त्रीय जिज्ञासेवर होता. अंड्याचा बलक व पांढरे यांवर उष्णतेचा परिणाम तपासणाऱ्या वर्गाला चित्रपुस्तकाची निकड नव्हती.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध मॉन्टेसरीच्या द्वारे येतो. रोममधील तिच्या बालगृहात (१९०७) चार वर्षांची मुले सूपाचे भांडे उचलून जेवण वाढीत. पण लहान वयात अद्भुत कथांना तिचा विरोध होता. म्हणजे भांडी आली आणि गोष्ट मागे राहिली. ही उणीव भरून काढली ती गिजुभाई बधेका यांनी. १९२० साली भावनगरला सुरू केलेल्या बालमंदिरात त्यांनी मॉन्टेसरीचे तंत्र स्वीकारले, गोष्ट मात्र सोडली नाही. १९२३ मध्ये तेथे आलेल्या ताराबाई मोडक यांनी हा वारसा मराठीत आणला. १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी महागड्या साहित्याऐवजी बिया, पाने, खडे वापरले आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. शहरी चित्रपुस्तकातील ओटा आणि वारली घरातील चूल यांतील अंतर तेथे नजरेआड करणे शक्य नव्हते.

हे अंतर केवळ वस्तूंचे नाही. मराठीत तांदूळ निवडतात, डाळ पाखडतात, पीठ चाळतात; पोळी लाटतात, भाकरी थापतात; भाजी परततात, पापड भाजतात. मोदक वाफेवर आणि बटाटे पाण्यात शिजतात, तरी क्रियापद ‘उकडणे’ हेच. परातीशी बसलेल्या बाईच्या चित्रावरून ती कणीक मळते आहे की तिंबते आहे, हे प्रौढालाही सांगता येणार नाही. कणकेत हात घातलेल्या मुलाला ते सांगावे लागत नाही. उलटपक्षी, अंकलिपीत ‘क’ कमळाचा, ‘ब’ बदकाचा अशी नामांचीच रांग दिसते. कोमेनियसचे अंक येथे अक्षरे होऊन आले आहेत, इतकेच.

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने बोर्डीचा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला आणि पोषण आहारही बालशिक्षणाच्या दाराशी आणून ठेवला. भिंतीवर फळभाज्यांचे तक्ते लागले. आहार मदतनीस शिजविते किंवा बचतगटाकडून येतो. मुले ताटाशी येतात ती अन्न तयार झाल्यावर. शेंगा सोलणे, तांदूळ निवडणे, पालेभाजी खुडणे ही विस्तवावाचून होणारी कामे तत्पूर्वीच उरकलेली असतात.