मेंढा: एका गावाचे राज्य

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. त्याच्या धानोरा तालुक्यात सुमारे शंभर घरांचे, गोंड वस्तीचे मेंढा हे गाव आहे. शेजारच्या लेखा ग्रामपंचायतीत त्याचा समावेश झाल्याने कागदोपत्री ते 'मेंढा (लेखा)' झाले. भातशेती, मोह, तेंदू व बांबू यांवर तेथील संसार चालतो.

ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम् या नियोजित धरणांविरुद्ध आदिवासी उभे राहिले. त्या जागृतीतून मेंढ्याने स्वतःच्या कारभाराचा विचार आरंभिला. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ त्याला लाभली. ग्रामपंचायत निवडलेल्यांची असते. ग्रामसभा सर्व प्रौढांची. मेंढ्याने ग्रामसभेला श्रेष्ठ मानले आणि निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घेण्याचे ठरविले. आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, मग सभेत ठरवायचे, अशी रीत पडली.

खरी कसोटी बांबूची होती. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला वृक्षांत गणले होते; २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज ठरविले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला, तरी बांबू बाहेर नेण्याचा परवाना गावाच्या हाती नव्हता. हक्क होता, विक्री नव्हती! अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेला मिळाले. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा निर्णय घेऊन आपल्या जमिनीही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या विश्वपत्रात सांगितले होते की, लहान समूह जे स्वतः करू शकतो ते मोठ्याने हिरावून घेणे हा अन्याय होय. मेंढ्याने हे तत्त्व कोणत्याही विश्वपत्रावाचून आचरले. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथातील यरुशलेमची सभाही वादानंतर एकमतापर्यंत पोहोचली होती. आम्ही मात्र धर्मग्रामाच्या सभेत हात मोजतो आणि हरलेल्यांना घरी पाठवितो. अल्पमतातील बंधुभगिनींचे ऐकून घेण्यास लागणारा वेळ आम्हाला जड का वाटावा? या लहानशा गावाने तो वेळ दिला, म्हणूनच त्याचे जंगल त्याच्या हाती आले.