गंज धरतो, गंज सोडतो

गंज म्हटला की आपल्याला नुकसानच आठवते. पत्र्याला भोके पडतात, खिडकीचे गज झडतात. पण याच तांबूस पदार्थाने विषाला अडवल्याचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे, आणि तो वर्गात सांगण्याजोगा आहे असे आम्हांला वाटते.

एकोणिसाव्या शतकात युरोपात उंदीर मारण्यासाठी सोमल, म्हणजे आर्सेनिकचे पांढरे ऑक्साइड, सहज मिळत असे. त्याला फारशी चव नसल्याने चुकून वा मुद्दाम विषबाधा घडे. १८३४ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे रॉबर्ट बन्सेन व अर्नोल्ड बेर्टोल्ट यांनी यावर उतारा सुचवला: लोहाचे ताजे बनवलेले सजल ऑक्साइड. हे बन्सेन म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतील बर्नरमुळे परिचित असलेलेच. हा ओला गंज पोटात सोमलाला धरून ठेवतो आणि रक्तात जाऊ देत नाही.

गंज विषाला धरतो कसा? स्पंज पाणी आपल्या अंगात घेतो, ते शोषण. गंजाच्या कणांच्या पृष्ठभागावर मात्र आर्सेनिकचे आयन चिकटून बसतात. हे अधिशोषण. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि तितके विष अधिक पकडले जाते. या क्रियेला वेगळे नाव मिळाले ते १८८१ साली, हाइनरिख कायझर यांच्या लेखनातून. म्हणजे उतारा आधी आला आणि संज्ञा नंतर.

आता बंगालकडे वळू. हिमालयातून येणाऱ्या नद्यांच्या गाळात लोहाच्या ऑक्साइडचा थर असलेले कण असतात, आणि त्या थराला थोडे आर्सेनिक चिकटलेले असते. हा गाळ सेंद्रिय पदार्थांसह जमिनीत गाडला गेला की तेथील ऑक्सिजन संपतो. मग सूक्ष्मजीवांच्या क्रियेने लोहाचे क्षपण होते, थर विरघळतो, आणि धरलेले आर्सेनिक भूजलात सुटते.

तळ्यांच्या पाण्यातून पटकी व अतिसार पसरत, म्हणून बांगलादेशात १९७०च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर कूपनलिका खोदण्यात आल्या. पाणी नितळ होते. विष दिसणार कसे? १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या त्वचेवरील डाग व तळहातांवरील कडक गाठी पाहून आर्सेनिकचे निदान केले. १९९३ साली बांगलादेशातील विहिरींतही ते सापडले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. कोट्यवधी लोक त्याहून अधिक आर्सेनिक असलेले पाणी पीत होते.

उपाय पुन्हा लोहातच सापडला. एकावर एक तीन घागरी: वरच्या घागरीत लोखंडाचा कीस व वाळू, मधल्या घागरीत वाळू व कोळसा, आणि खालच्या घागरीत गाळलेले पाणी. कीस गंजतो आणि तो गंज आर्सेनिक पकडतो. याच विचारातून मूळचे कुष्टियाचे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनी ‘सोनो’ गाळणी विकसित केली. तिला २००७ साली अमेरिकेतील ग्रेंजर पारितोषिक मिळाले.

येथे एक प्रश्न विद्यार्थ्यांना अवश्य विचारावा: गाळणीतले आर्सेनिक गेले कुठे? ते तेथेच आहे. अधिशोषणाने विष नष्ट होत नाही, त्याची जागा बदलते. कणांवरील जागा भरली की गाळणी निकामी होते, आणि ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून गाळलेले पाणी वेळोवेळी तपासावेच लागते. वापरून झालेला कीस शेणाच्या खड्ड्यात किंवा चिखलात टाकला तर? ऑक्सिजन संपेल, लोह विरघळेल, आणि जमिनीखाली जे घडले तेच अंगणात पुन्हा घडू शकेल. ज्या रसायनशास्त्राने पाणी शुद्ध झाले, त्याचाच हा दुसरा अर्धा भाग आहे. तो शिकवल्याशिवाय हा धडा पुरा होत नाही.