अन्वस्ताचे बिंदू : बगदादची रीत आणि वर्गातील आलेख

‘य बरोबर क्षचा वर्ग’ या समीकरणाचा आलेख शिकविताना प्रथम तक्ता करण्याचा प्रघात आहे. क्षच्या ०, १, २, ३ या किमतींना यच्या ०, १, ४, ९ या किमती मिळतात. ते बिंदू कागदावर मांडून जोडले की अन्वस्त तयार होतो. या पद्धतीचे श्रेय सामान्यतः देकार्तच्या १६३७ मधील ‘भूमिती’ या ग्रंथास दिले जाते. समीकरण आणि वक्र यांची सांगड देकार्त व फर्मा यांनी घातली, हे खरेच आहे. परंतु एकेक बिंदू काढून अन्वस्त रेखाटण्याची रीत त्याहून सुमारे सातशे वर्षे जुनी आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल्-ख्वारिज्मी याने वर्गसमीकरणांची उकल सांगितली. एक वर्ग आणि त्याची दहा मुळे मिळून ३९ होतात, तर मूळ किती? हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. उत्तर ३. सिद्धतेसाठी त्याने चौरस व आयत काढले. वक्र काढला नाही. वक्रांचे ज्ञान ग्रीक परंपरेतून आले. अपोलोनियसच्या शांकवांवरील ग्रंथाचे पाचवे ते सातवे भाग आज केवळ अरबी अनुवादामुळे उपलब्ध आहेत. तो अनुवाद हर्रानच्या साबिई पंथातील साबित बिन कुर्रा याने केला.

याच साबितचा नातू इब्राहिम बिन सिनान (इ.स. ९०८–९४६). अवघे अडतीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या गणितज्ञाने सावलीच्या घड्याळांवर लिहिले आणि तीन शांकवांच्या आरेखनावर स्वतंत्र प्रबंध रचला. त्यातील अन्वस्ताची रीत अशी : एका सरळ रेषेवर अब हे ठरावीक लांबीचे अंतर घ्यावे आणि ब येथे लंब उभारावा. रेषेवर बच्या पलीकडे क हा कोणताही बिंदू घेऊन अक व्यासावर अर्धवर्तुळ काढावे. ते लंबास ग येथे छेदते. गमधून मूळ रेषेस आणि कमधून लंबास समांतर रेषा काढाव्यात. त्यांचा छेदनबिंदू अन्वस्तावर असतो. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असल्याने बगचा वर्ग हा अब व बक यांच्या गुणाकाराएवढा होतो, हे त्याचे कारण.

अब एक एकक धरून बक अनुक्रमे १, ४, ९ घेतल्यास बगची लांबी १, २, ३ येते. आकृती पाव फेरा फिरवावी; वर्गातील तक्ताच समोर उभा राहतो.

तरीही ‘आलेखाचा शोध बगदादमध्ये लागला’ असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. इब्राहिमपाशी निर्देशक अक्ष नव्हते, ऋण संख्या नव्हत्या, चिन्हांत लिहिलेले समीकरणही नव्हते. होती ती भूमितीची रचना व तिची सिद्धता. पूर्वजांचा गौरव करताना त्यांनी न केलेले काम त्यांच्या नावे मांडले, तर त्यांनी खरोखर केलेले कामही संशयास्पद ठरते.

ते खरे काम अध्यापनास आजही उपयोगी आहे. पुष्कळ विद्यार्थी तक्त्यातील बिंदू पट्टीने जोडतात आणि वक्राऐवजी मोडकी रेषा काढतात. दोन बिंदूंच्या मधे काय घडते, हा प्रश्न त्यांना पडत नाही. इब्राहिमच्या रीतीत क कोठेही घेता येतो, म्हणून दोन बिंदूंमध्ये तिसरा नेहमीच मिळतो. क्षची किंमत अर्धा घेतली की य पाव येते. ० आणि १ यांचे बिंदू जोडणारी सरळ रेषा मात्र तेथे अर्धा दाखविते. एवढा एक बिंदू पट्टी खाली ठेवण्यास पुरेसा आहे. तक्ता पाठ करून घेण्यापूर्वी कंपास व पट्टीने असे चार-पाच बिंदू काढून घेतले, तर आलेख ही केवळ परीक्षेतील आकृती न राहता सिद्ध करता येणारी गोष्ट आहे, हे विद्यार्थ्यास उमगेल.