जोडे शिवणाऱ्यांचं हट्टी गाव : नॉर्थॅम्प्टन

आज जाऊया इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनला. नॉर्थॅम्प्टनशर काउंटीचं, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचं, हे मुख्य ठिकाण. जोड्यांसाठी प्रसिद्ध. मला मात्र त्याचा हट्टीपणा जास्त भावतो.

१६४२ला यादवी पेटली, तेव्हा हे गाव राजाविरुद्ध पार्लमेंटच्या बाजूनं उभं राहिलं. सैन्याला जोडेही पुरवले. त्याची किंमत १६६२मध्ये मोजावी लागली. दुसऱ्या चार्ल्सनं गावाची तटबंदी आणि किल्ला पाडायला लावला. गंमत बघा, १६७५च्या भीषण आगीनंतर त्याच राजानं हजार टन लाकूड दिलं! गावानं चर्चवर त्याचा पुतळाही बसवला.

म्हणून गाव मवाळ झालं का? छे! १८८०मध्ये मतदारांनी चार्ल्स ब्रॅडलॉ यांना निवडून दिलं. हे उघड नास्तिक. शपथेवरून वाद झाला आणि संसदेनं त्यांना बसू दिलं नाही. पोटनिवडणुका लागल्या. १८८१, १८८२, १८८४, प्रत्येक वेळी गावानं त्यांनाच निवडलं. हे मतदार काही सगळे नास्तिक नव्हते. आमचा खासदार आम्ही ठरवणार, एवढंच त्यांचं म्हणणं. अखेर १८८६मध्ये ब्रॅडलॉ यांनी शपथ घेतली.

हेच ब्रॅडलॉ संसदेत भारताची बाजू मांडत. १८८९च्या मुंबई काँग्रेसलाही ते आले होते. १८९१मध्ये त्यांच्या अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारे तरुण गांधीजी गेले होते.

पाडलेल्या किल्ल्याच्या जागी आज रेल्वे स्टेशन आहे. कधी तिथे उतरलात, तर या मतदारांची आठवण जरूर काढा.