पर्णकीटक : चालतेफिरते पान

पानांवर जगणारा आणि पानासारखाच दिसणारा पर्णकीटक हा उष्ण, दमट वर्षावनांतील एक विलक्षण जीव आहे. काडीकिड्याच्या या नातलगाचे प्रमुख वसतिस्थान आग्नेय आशियात असून भारतात पश्चिम घाटातील सदाहरित अरण्यांतही तो आढळतो.

मादीचे पुढचे पंख मिटले की पाठीवर पानाची मधली शीर आणि उपशिरा उमटल्यासारख्या दिसतात. शरीर चपटे असते, पायांनाही पानासारख्या रुंद कडा असतात. काहींच्या अंगावर वाळत्या पानासारखे तपकिरी डागही असतात. चालताना हा कीटक वाऱ्याने पान हलावे तसा झुलतो. दिवसभर निश्चल राहून रात्री तो पेरू, आंबा अशा झाडांची पाने खातो. मादी बियांसारखी दिसणारी अंडी वरूनच जमिनीवर टाकते. त्यांतून निघालेली गडद रंगाची चपळ पिल्ले झाडावर चढतात आणि पाने खाऊ लागल्यावर हिरवी होतात.

या सोंगाने माणसालाही चकवले आहे. मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेतील इटालियन वृत्तांतकार पिगाफेटा याने १५२१ मध्ये बोर्निओजवळच्या एका बेटावर ‘चालणारी पाने’ पाहिली. त्यांतील एक त्याने नऊ दिवस पेटीत ठेवले आणि ती हवेवर जगत असावीत, असा निष्कर्ष काढला! नर सडपातळ असतो व उडू शकतो. मादी मात्र जड असते, तिला उडता येत नाही. दोघांच्या रूपातील या तफावतीमुळे ‘नॅनोफायलियम’ या प्रजातीचे केवळ नरच शास्त्रज्ञांना ठाऊक होते; तिच्या माद्या वेगळ्याच गटात मोडल्या जात होत्या. पापुआ न्यू गिनीतून आलेली अंडी कॅनडातील माँट्रियल येथील कीटकसंग्रहालयात उबवली, तेव्हा हे कोडे सुटले. ते संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

हे रूप अतिप्राचीन आहे. जर्मनीतील मेसेल येथे सापडलेल्या व २००७ मध्ये वर्णिलेल्या जीवाश्माचे वय सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षे आहे. इतक्या दीर्घ काळात पक्ष्यांच्या नजरेतून निसटण्याची कला पर्णकीटकाने साधली. पण कुऱ्हाडीपुढे ती व्यर्थ ठरते. झाड पडले की न उडणाऱ्या मादीचा आसरा आणि आहार एकदमच जातो. शिवाय जो जीव असताना दिसत नाही, तो नाहीसा झाल्याचेही सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.